परक्या ताऱ्याचा धूमकेतू आणि डेहण्याचा अंधार

१ जुलै २०२५ रोजी चिलीतील रिओ उर्तादो येथल्या एका दुर्बिणीने धनू राशीत सरकणारा एक पुसट ठिपका टिपला. आपल्याकडे तेव्हा पालख्या पंढरपूरच्या वाटेवर होत्या, शहापूर-मुरबाडच्या खाचरांत लावणीची घाई होती आणि आकाश महिनाभर तरी डोळ्यांना पडण्याची आशा नव्हती. दुसऱ्याच दिवशी आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या लघुग्रह केंद्राने जाहीर केले, की हा ठिपका आपल्या सूर्याच्या घरचा नाही. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याच्या कुटुंबातून तो निसटून आला आहे आणि इथे मुक्कामही करणार नाही. त्याला ‘३आय/ॲटलास’ असे नाव मिळाले. पुढचे सहा महिने जगभरच्या वेधशाळा, अंतराळातल्या दुर्बिणी आणि मंगळाभोवती फिरणारी याने त्याच्या मागावर राहिली. घरोघरी मात्र त्याचे नाव पोहोचले ते ‘परग्रहवासीयांचे यान येत आहे’ या व्हॉट्सॲपवरच्या निरोपांमुळे.

निरोप आता थंडावले आहेत. म्हणूनच शांतपणे दोन प्रश्न विचारायला ही वेळ बरी. अशा पाहुण्याचा अभ्यास करतात म्हणजे नेमके काय करतात? आणि ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या भिंतीखाली राहणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध पोहोचतो का? आमच्या मते पोहोचतो, आणि तो केवळ कुतूहलापुरता नाही.

आजवर असे तीनच पाहुणे ओळखता आले आहेत. पहिला ‘ओमुआमुआ’. हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या छायाचित्रांत रॉबर्ट वेरिक यांना तो १९ ऑक्टोबर २०१७ रोजी आढळला. दुसरा ‘बोरिसोव्ह’, ३० ऑगस्ट २०१९ चा. तिसरा हा ॲटलास. (आपल्या पंचांगाप्रमाणे पहिला सापडला तो लक्ष्मीपूजनाचा दिवस होता आणि दुसरा पोळ्याचा. यात योगायोगापलीकडे काही नाही, पण दोन्ही दिवस अमावास्येचे, एवढे आकाश पाहणाऱ्याच्या लक्षात येतेच.)

परका ओळखायचा कसा? त्याच्या अंगावर गावाचे नाव लिहिलेले नसते. एका छायाचित्रातून तर काहीच कळत नाही; हजारो ताऱ्यांत आणखी एक ठिपका, एवढेच. तासाभराने, मग दुसऱ्या रात्री, मग आठवड्याने तो ठिपका मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत कुठे कुठे होता हे काटेकोर मोजत गेले, की त्याची वाट गणिताने काढता येते. सूर्याच्या ओढीत सापडलेली वस्तू बंद वाटेने फिरते. पृथ्वीची वाट जवळजवळ वर्तुळ आहे, हॅलेच्या धूमकेतूची फार लांबट, पण दोघी परत स्वतःला येऊन मिळतात. वाट किती लांबट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला विमध्यता म्हणतात. पृथ्वीच्या वाटेसाठी हा आकडा ०.०१७ आहे, हॅलेसाठी ०.९६७. आकडा १ झाला, की वाट उघडी पडते. १ च्या वर गेला, की वस्तू सूर्याजवळून एक वळण घेऊन कायमची निघून जाते.

इथे एक बारकावा आहे आणि घाईत तो नेहमी सुटतो. आकडा १ च्या किंचित वर दिसला म्हणून वस्तू परकी ठरत नाही. १९८० मध्ये सापडलेला बोवेल धूमकेतू आपल्याच सूर्यमालेच्या काठावरचा होता; गुरूच्या जवळून जाताना त्याला असा धक्का बसला, की त्याचा आकडा १.०५७ झाला. तो गेला तो गेलाच, पण घरातूनच गेला. म्हणून वाट मागे मागे मोजत न्यावी लागते: ग्रहांनी ढकलण्याआधी, सूर्याने ओढण्याआधी या वस्तूला स्वतःचा वेग होता का? ओमुआमुआला सेकंदाला २६ किलोमीटर होता आणि विमध्यता १.२. बोरिसोव्हला ३२ किलोमीटर आणि ३.३६. ॲटलासला ५८ किलोमीटर, आणि विमध्यता ६ च्याही वर. आपल्या आठ ग्रहांपैकी कोणीही कसाही धक्का दिला तरी इतका वेग देऊ शकत नाही. तो बाहेरूनच घेऊन यावा लागतो.

२९ ऑक्टोबर २०२५ रोजी हा धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे २० कोटी किलोमीटरवर आला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ६८ किलोमीटर होता. कसाऱ्याहून कल्याण रेल्वेने ६७ किलोमीटर आहे. आपल्या लोकलला हे अंतर तोडायला तास-सव्वा तास लागतो. त्याने ते एका सेकंदात तोडले असते.

तो कोणत्या ताऱ्याकडून आला हे कोणी सांगू शकत नाही. तो धनू राशीच्या दिशेने आला, इतकेच नक्की. अब्जावधी वर्षांच्या प्रवासात वाटेवरच्या ताऱ्यांनी त्याला थोडे थोडे वळवले असणार, आणि ते तारेही दरम्यान आपापल्या जागा सोडून गेले. त्याचा वेग आणि आकाशगंगेतली त्याची वाट पाहून काही संशोधकांनी अंदाज केला आहे, की तो ७ अब्ज वर्षांहून जुना असावा. हा अंदाजच आहे. तो खरा धरला, तर आपला ४.६ अब्ज वर्षांचा सूर्य जन्मण्याआधीपासून हा बर्फाचा गोळा फिरतो आहे.

आता मुद्द्याचे. हा गोळा सापडला कोणाला? अब्जावधी डॉलरच्या जेम्स वेब दुर्बिणीला नाही, हबललाही नाही. ‘ॲटलास’ हे नाव ज्या यंत्रणेवरून पडले, तिचे काम पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांची आगाऊ सूचना देणे हे आहे. हवाई, चिली आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तिच्या दुर्बिणींची भिंगे अर्ध्या मीटरची. त्यांचे काम कंटाळवाणे आहे: रोज रात्री सगळे आकाश टिपायचे, कालच्या छायाचित्राशी ताडून पाहायचे, सरकलेला ठिपका बाजूला काढायचा. दुसरा पाहुणा तर गेन्नादी बोरिसोव्ह यांनी क्रिमियात स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने शोधला. आणखी एक गोष्ट फारशी छापून आली नाही. १ जुलैच्या आधीच, जून महिन्यात, दुसऱ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांत ३आय/ॲटलास होता. चिलीतल्या नव्या व्हेरा रुबिन वेधशाळेने चाचणी चालू असताना त्याला २१ जूनपासून टिपले होते. छायाचित्र होते, ओळख पटली नव्हती. नंतर शोधून काढल्यावर ते सापडले, आणि वाट काढण्यासाठी त्या जुन्या नोंदींचा मोठा उपयोग झाला.

असल्या पाहुण्याची तारीख आधी कळत नाही. तो येतो, काही महिने दिसतो आणि जातो. तयारी करून मग पाहू म्हणणाऱ्याला तो सापडत नाही; रोज पाहणाऱ्याला सापडतो. ओमुआमुआच्या बाबतीत तर सूर्याला वळसा घालून, पृथ्वीजवळून निघून गेल्यावर पाच दिवसांनी त्याचा पत्ता लागला. अभ्यासाला उरले ते काही आठवडे. त्यात कळले ते असे: त्याची चमक दर सात-आठ तासांनी जवळपास दहा पटींनी कमी-जास्त होते, म्हणजे तो फार लांबट किंवा फार चपटा असावा, त्याला धूमकेतूसारखे शेपूट नाही, आणि तरीही नुसत्या गुरुत्वाने जावा त्यापेक्षा तो किंचित वेगळा जातो आहे. या शेवटच्या गोष्टीचे उत्तर अजून पक्के नाही. गोठलेल्या नायट्रोजनपासून बर्फात अडकलेल्या हायड्रोजनपर्यंत अनेक खुलासे पुढे आले. हार्वर्डचे अवी लोएब यांनी ‘हे परक्या बुद्धीने बनवलेले शीड असू शकते’ असे म्हटले, आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. पण पाच दिवस उशिरा पोहोचलेल्या साक्षीदाराने जितके सांगावे तितकेच विज्ञानाने सांगितले, हे त्या मथळ्यांखाली दबून गेले.

ॲटलास वेळेवर सापडला, म्हणून त्याची गोष्ट वेगळी झाली. जुलैत हबलने त्याला पाहिले. धुळीच्या आवरणाआडचा गाभा जास्तीत जास्त ५.६ किलोमीटरचा, असा निष्कर्ष निघाला. ऑगस्टमध्ये जेम्स वेबने त्याच्या भोवतालचा वायू तपासला, तर पाण्याच्या वाफेच्या सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड. आपल्याकडच्या धूमकेतूंत हे प्रमाण सहसा इतके नसते. चिलीतल्या ‘व्हीएलटी’ या मोठ्या दुर्बिणीला त्याच्या वायूत निकेल दिसले, लोह मात्र सुरुवातीला दिसले नाही. ‘कारखान्यात शुद्ध केलेला धातू!’ अशी आवई लगेच उठली. पण निकेलची वाफ २०१९ च्या बोरिसोव्हमध्येही दिसली होती, आणि आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंतही सूर्यापासून दूर असताना दिसलेली आहे. वेगळेपणा खरा आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवती, दुसऱ्या थंडीत, दुसऱ्या मालमसाल्यातून बनलेली वस्तू तंतोतंत आपल्यासारखी निघाली असती, तर ते अधिक चमत्कारिक ठरले असते.

ऐन दिवाळीत, २१ ऑक्टोबरच्या सुमारास, तो पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या मागे गेला. डोळ्यांना दिसणारा प्रकाश टिपणाऱ्या जमिनीवरच्या दुर्बिणी निरुपयोगी झाल्या. पण त्याआधी, ३ ऑक्टोबरला, तो मंगळापासून सुमारे ३ कोटी किलोमीटरवरून गेला होता. युरोपच्या ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ यानाने तिथून त्याची जागा मोजली. एकाच वस्तूकडे दोन वेगळ्या ठिकाणांहून पाहिले, की तिचे अंतर नीट कळते. या मोजणीमुळे त्याच्या वाटेची अचूकता दहापट वाढली. नासाच्या मंगळयानानेही २ ऑक्टोबरला छायाचित्रे घेतली, पण ती बाहेर यायला १९ नोव्हेंबर उजाडला, कारण मधल्या काळात अमेरिकी सरकारचे कामकाज निधीअभावी बंद होते. या दीड महिन्याच्या शांततेत ‘नासा काहीतरी लपवते आहे’ हे पसरले. कचेरी बंद होती, एवढाच त्याचा अर्थ होता. पण सरकारी मौनाचा लोक नेहमीच वाईट अर्थ लावतात, आणि त्याला लोकांनाच जबाबदार धरणे बरोबर नाही.

दुसरी अफवा रेडिओ संदेशाची. २४ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेतल्या ‘मीरकॅट’ या रेडिओ दुर्बिणीने ३आय/ॲटलासकडून रेडिओ खूण नोंदवली, ही बातमी खरी. ती खूण १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झच्या जागी होती. पाण्याचा रेणू सूर्यप्रकाशाने तुटला, की ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी सुटी होते. ती याच दोन ठिकाणी आपली खूण ठेवते. धूमकेतूत बर्फ आहे, ऊन लागले, वाफ झाली, वाफ तुटली, असा त्या ‘संदेशा’चा मजकूर. सप्टेंबरात याच दुर्बिणीने दोनदा पाहिले तेव्हा खूण नव्हती, कारण तेव्हा पुरेसे ऊन लागलेले नव्हते. डिसेंबरात अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीने कृत्रिम संदेशांसाठी मुद्दाम कान लावले. काही ऐकू आले नाही.

मुरबाडहून टोकावड्यामार्गे माळशेज घाट चढून पलीकडे ओतूर-जुन्नरच्या अंगाला उतरले, की नारायणगावजवळ खोडदला आपली स्वतःची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ‘जीएमआरटी’: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. मग ही खूण खोडदने का नाही टिपली? कारण साधे आहे. ही दुर्बीण कमी वारंवारतेच्या लहरींसाठी बांधलेली आहे. तिची वरची मर्यादा १४५० मेगाहर्ट्झच्या आसपास संपते. पाण्याची ती खूण तिच्या ऐकण्याच्या पट्ट्याबाहेर पडते. हा दोष नव्हे. ज्या कामासाठी ती आहे, त्यात ती जगात अव्वल आहे. तिच्या परिसराची रेडिओ शांतता राखण्यासाठी निर्बंधही आहेत आणि पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीपर्यंत हा विषय गेलेला आहे. घाटाच्या वर रेडिओ शांततेची इतकी काळजी आपण घेतो, तर घाटाच्या खाली अंधाराची का घेत नाही, या प्रश्नाकडे पुढे येऊ.

भारतीय निरीक्षकही हातावर हात ठेवून बसले नव्हते. बोरिसोव्ह आला तेव्हा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या संशोधकांनी माउंट अबू आणि लडाखमधील हानले येथून त्याचा अभ्यास करून निबंध प्रसिद्ध केला. ॲटलास सूर्याआडून बाहेर आल्यावर १२ ते १५ नोव्हेंबरच्या पहाटे माउंट अबूच्या १.२ मीटरच्या दुर्बिणीने त्याची छायाचित्रे आणि वर्णपट घेतले. त्यात सायनोजेन आणि कार्बनच्या रेणूंच्या त्याच ओळखीच्या रेषा निघाल्या, ज्या आपल्याकडच्या धूमकेतूंत दिसतात. पवईच्या आयआयटीची हानले येथे ७० सेंटिमीटरची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण आहे. रात्रीत अचानक उगवणाऱ्या, सरकणाऱ्या गोष्टींमागे धावणे हेच तिचे काम. ठाण्याच्या डोंगरांपलीकडे, आंबेगाव तालुक्यातल्या गिरवली येथे पुण्याच्या आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे. पावसाळ्यात ती बंद ठेवावी लागते, हे सह्याद्रीत राहणाऱ्याला सांगायला नको.

आयुकाचा उल्लेख आला, की तिचे संस्थापक जयंत नारळीकर यांचा येणारच. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी हा पाहुणा सापडला. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत धूमकेतू शोधतो तो एक हौशी निरीक्षक, आणि घरातल्यांना धास्ती पडते ती अपशकुनाची. बोरिसोव्ह आणि व्हॉट्सॲप या दोघांचीही जागा तिथे आधीच तयार होती. बाहेरून जीवन येऊ शकते का, हा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. २००१ मध्ये हैदराबादच्या बलून केंद्रातून फुगे सोडून वातावरणाच्या उंच थरातली हवा गोळा करून ती तपासण्याच्या प्रयोगात ते अग्रभागी होते. निष्कर्षांवर वाद झाले, ते होणारच. पण वेडगळ वाटणारा प्रश्न विचारायचा, तर नमुना गोळा करून विचारायचा, ही त्यांची रीत आज आठवावी अशी आहे.

आता शहापूर आणि मुरबाड. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे, आजोबा डोंगराच्या पायथ्याशी डेहणे हे गाव आहे. मुंबई-ठाण्याचे आकाशनिरीक्षक पावसाळा सरला, की अमावास्येच्या आगेमागे तिथे रात्रभरासाठी जातात, कारण महानगरापासून दोन-अडीच तासांत आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसावा अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत. मुरबाडमध्येही सिद्धगड, गोरखगड, माळशेजच्या पायथ्याच्या गावांत रात्री असाच काळोख असतो. डेहण्याहून पूर्वेला पाहिले, तर आजोबाची भिंत क्षितिजच खाऊन टाकते. नोव्हेंबरात हा धूमकेतू पहाटे पूर्वेला खाली होता, तेव्हा पायथ्याच्या गावांच्या बाजूने तो डोंगराआडच. डिसेंबरात मात्र तो मघा नक्षत्राजवळ, मध्यरात्रीनंतर चांगला वर येत होता. १९ डिसेंबरच्या अमावास्येला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, तरी २७ कोटी किलोमीटरवर. नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हताच. मोठ्या हौशी दुर्बिणीतूनही जेमतेम एक धूसर डाग. पण तो डाग पकडायला अंधारच लागतो, आणि अंधार पश्चिमेकडून कुरतडला जातो आहे. भिवंडी-कल्याणच्या बाजूचे आकाश रात्रभर उजळलेले असते. आमणे ते इगतपुरी हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. महामार्गामागोमाग गोदामे, रिसॉर्ट, फार्महाऊस आणि त्यांचे दिवे येतात, हे भिवंडीत आपण पाहिलेलेच आहे.

यावर ‘अंधार वाचवा’ म्हणणे सोपे आहे, पण शहापूरला तसे सांगण्याआधी शहराने जरा थबकावे. तानसा, भातसा, मोडकसागर यांचे पाणी मुंबईला जाते आणि एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतात. ज्या तालुक्याने शहराला पाणी दिले, त्याने आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी काळोखही द्यावा, अशी मागणी कोणाला उद्धट वाटली तर नवल नाही. ठाकूर, वारली, कातकरी वस्त्यांना रात्री दिवा हवा आहे. साप, विंचू, बिबट्या ही तिथली रोजची गोष्ट आहे. रात्री रुग्णाला रस्त्यावर आणायचे असते. या वस्त्यांना दिवे नकोत असे म्हणणाऱ्याच्या बाजूने आम्ही नाही.

पण दिवा असणे आणि दिवा आकाशाकडे असणे यात फरक आहे, आणि याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथे वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरहून अधिक दिवे बदलले गेले. काढले नाहीत, झाकण असलेले, उजेड खाली टाकणारे बसवले. उजेड पायवाटेवर पडला तर साप दिसतो. आकाशात गेला तर ना साप दिसतो, ना तारा, आणि वीजबिल मात्र येतेच. गावोगाव चौकात उभे राहिलेले हायमास्ट याच दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्यांचे उद्घाटन झोकात होते. वर्षभरात निम्मे दिवे बंद पडतात आणि उरलेले डोळ्यांवर येतात, हा ग्रामीण महाराष्ट्राचा सर्वसाधारण अनुभव आहे.

शहापूरला तानसा अभयारण्य आहे. मुरबाडमध्ये भीमाशंकर अभयारण्याची ठाणे जिल्ह्यातली बाजू उतरते. म्हणजे पेंचप्रमाणे वनखात्याला हाताशी धरण्याची सोय इथेही आहे. शिवाय आणखी एक गोष्ट इथे आहे: कल्याणचे आकाश मित्र मंडळ, मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या, वर्षानुवर्षे लोकांना आकाश दाखवत आलेल्या हौशी संस्था रेल्वेने तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. आकाश दाखवण्याच्या कार्यक्रमांचा पैसा आज बहुतेक शहरातून येणाऱ्या संयोजकांकडेच राहतो. जेवण, राहणे, वाटाड्या आणि दुर्बीण चालवणारा स्थानिक तरुण यांत तो गावात मुरला, तर अंधार राखण्यात गावाचाही फायदा दिसेल. नुसत्या पर्यटनावर गाव चालत नाही, हे खरे. पण माळशेजच्या पावसाळी गर्दीपेक्षा हा पाहुणा शांत आणि कमी उपद्रवी आहे.

आणि शाळा. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, दोन्ही तालुक्यांत आश्रमशाळा आहेत. लघुग्रह शोधण्याची एक आंतरराष्ट्रीय मोहीम शाळकरी मुलांना पॅन-स्टार्सची ताजी छायाचित्रे मोफत देते. ओमुआमुआ ज्या दुर्बिणीने शोधला तीच ही दुर्बीण. मुलांनी करायचे ते ॲटलास यंत्रणा करते तेच: एकामागोमाग घेतलेली छायाचित्रे पाहायची, सरकलेला ठिपका ओळखायचा, त्याची जागा नोंदवून पाठवायची. आजवर भारतातल्या अनेक शाळांनी या मोहिमेत नव्या लघुग्रहांच्या प्राथमिक नोंदी केल्या आहेत. यातून उद्या चौथा आंतरतारकीय पाहुणा डेहण्याच्या मुलीला सापडेल, असे सांगून आम्ही कोणाला फसवणार नाही. शक्यता फार थोडी आहे. पण अफवा आणि निरीक्षण यांतला फरक दहा भाषणांनी कळत नाही, तो स्वतः एक ठिपका मोजताना कळतो.

पुढचा पाहुणा येणार आहेच. रुबिन वेधशाळेच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणात असे अनेक सापडतील असा अंदाज आहे. युरोप आणि जपान मिळून ‘कॉमेट इंटरसेप्टर’ हे यान २०२९ च्या सुमारास पाठवून अंतराळात वाट पाहत ठेवणार आहेत, म्हणजे योग्य पाहुणा आला की त्याला सामोरे जाता येईल. ३आय/ॲटलास १६ मार्च २०२६ ला गुरूपासून सुमारे ५.४ कोटी किलोमीटरवरून जाऊन सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागणारा, पुन्हा न येणारा. त्याची वाट काढण्यासाठी २७ नोव्हेंबर ते २७ जानेवारी अशी जी जागतिक मोजणी मोहीम झाली, तिच्यात नोंदणी झालेल्या लहान वेधशाळांनाही भाग घेण्याची मुभा होती. शहापूर-मुरबाडच्या अंधारात अशी एक नोंदणीकृत लहान वेधशाळा उभी राहायला अडचण पैशाची कमी आणि पुढाकाराची जास्त आहे.

ठाणे जिल्हा परिषदेने आणि वनखात्याने पेंचचा अहवाल मागवून डेहणे, डोळखांब, टोकावडे, धसई या पट्ट्यात निदान पाच-सहा ग्रामपंचायतींत खाली उजेड टाकणारे दिवे बसवण्याचा प्रयोग करावा. पुढचा हायमास्ट मंजूर करण्याआधी करावा. शाळांना तर तेवढीही वाट पाहण्याचे कारण नाही. लघुग्रह मोहिमेसाठी इंटरनेट असलेला एक संगणक आणि आवड असलेला एक शिक्षक पुरतो. दोन्ही तालुक्यांच्या मुख्याध्यापकांनी येत्या शैक्षणिक वर्षातच आपल्या शाळेचे नाव नोंदवावे.